‘ग्रीन बिल्डिंग’चा बोर्ड लागला, पण एसटीतून उतरून तिथं चालत जाता येतं का?

तालुक्याच्या गावात नवी सरकारी इमारत होणार म्हटलं की आता एक शब्द हमखास कानावर पडतो, ग्रीन बिल्डिंग. गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी साठवायची टाकी, एलईडी दिवे, आवारात झाडं. भूमिपूजनाच्या भाषणात हा शब्द येतो, बातमीतही येतो. ऐकायला चांगलं वाटतं आणि ते चांगलंच आहे. पण इमारत हरित आहे की नाही हे ठरवताना आणखी एक गोष्ट तपासली जाते, ती मात्र भाषणात सहसा येत नाही. त्या इमारतीपर्यंत साध्या माणसाला पायी पोचता येतं का? आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरात दुकान, बँक, दवाखाना, बसथांबा आहे का?

हा विषय पुण्या-मुंबईच्या बिल्डरांचा आहे असं वाटेल. तसं नाही. बऱ्याच तालुक्यांत आधी एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर असलेली कार्यालयं गेल्या काही वर्षांत बायपासला, माळावर, नाहीतर गायरानाच्या जागेवर गेली. रेशन कार्डात नाव घालायचं, उत्पन्नाचा दाखला काढायचा, खरेदीखत नोंदवायचं, हयातीचा दाखला द्यायचा, तर आधी एसटी आणि मग पुढं रिक्षा. इमारत नवी, चकाचक, वारा खेळता. पण म्हातारं माणूस तिथं पोचेपर्यंत घामाघूम.

आधी हे प्रमाणपत्र म्हणजे काय ते बघू. इमारत हरित आहे असं कोणी नुसतं म्हणून चालत नाही, त्याला मानांकन लागतं. आपल्याकडं तीन नावं जास्त ऐकू येतात. एक ‘लीड’. हे मूळचं अमेरिकेचं, तिथल्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलनं ते २००० साली सगळ्यांसाठी खुलं केलं. दुसरं ‘आयजीबीसी’, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. ही २००१ मध्ये उद्योगांच्या सीआयआय या संघटनेनं सुरू केली, मुख्य कार्यालय हैदराबादला. तिथलीच सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरची इमारत २००३ मध्ये लीड प्लॅटिनम ठरली, अमेरिकेच्या बाहेर हा मान मिळवणारी ती पहिली. तिसरं ‘गृह’ मानांकन. हे टेरी संस्थेनं आणि केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयानं मिळून आणलं. त्यात एक ते पाच तारे मिळतात.

तिन्हीची पद्धत साधारण शाळेच्या मार्कांसारखी. पाण्याला इतके गुण, विजेला इतके, बांधकाम साहित्याला इतके. लीडमध्ये एकूण ११० गुण. ४० मिळाले की पास, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. या गुणपत्रिकेत ‘जागा आणि वाहतूक’ असा एक विषय आहे. पायी पोचण्याचं सगळं त्यात येतं.

आठशे मीटरचा हिशेब

लीडच्या चौथ्या आवृत्तीत (ही २०१३ मध्ये आली) नियम असा आहे. इमारतीच्या मुख्य दारापासून ८०० मीटर चालण्याच्या अंतरात रोजच्या कामाची ठिकाणं किती आहेत ते मोजायचं. चार ते सात असली तर एक गुण, आठ किंवा जास्त असली तर दोन. ही ठिकाणं आधीपासून चालू असलेली आणि सगळ्यांना खुली पाहिजेत. ‘पुढं इथं मॉल होणार आहे’ हे चालत नाही.

ठिकाणांची यादीही दिलेली आहे. किराणा, भाजी, शेतकरी बाजार, औषधाचं दुकान, हार्डवेअर, बँक, खाणावळ, केस कापायचं दुकान, पाळणाघर, शाळा, दवाखाना, पोस्ट, पोलीस ठाणं, वाचनालय, बाग, प्रार्थनास्थळ, जनतेची कामं होतात ते सरकारी कार्यालय. यात पळवाट काढता येऊ नये म्हणून दोन अटी घातल्यात. एकाच प्रकारची दहा दुकानं असली तरी दोनच धरायची. आणि सगळी ठिकाणं एकाच गटातली नकोत. खाद्यपदार्थ, इतर दुकानं, सेवा, सार्वजनिक सोयी असे जे पाच गट केलेत त्यातले निदान तीन तरी आले पाहिजेत. म्हणजे नुसत्या ढाब्यांच्या रांगेवर गुण मिळत नाहीत.

आता कुठलंही जुनं बाजाराचं गाव डोळ्यासमोर आणा. स्टँडवर उतरलं की समोर मेडिकल, त्याला लागून किराणा, पलीकडं जिल्हा बँकेची शाखा, गल्लीत पोस्ट, चावडीजवळ शाळा, देऊळ, मशीद, सलून, मिसळीचं हॉटेल. दहा मिनिटं चाललं की आठ काय, पंधरा ठिकाणं भरतात. अमेरिकेत तज्ज्ञांनी बसून जो नमुना कागदावर मांडला तो आपल्या गावठाणात शे-दोनशे वर्षांपासून उभा आहे. कोणी प्रमाणपत्र दिलं नाही एवढंच. उलट हायवेच्या कडेचं एनए प्लॉटिंग बघा, चार कमानी, दोन दिवे आणि काडेपेटी आणायची तर मोटारसायकल काढावी लागते. तिथं कितीही सोलर बसवा, या विषयात भोपळाच.

अंतर मोजायचं कसं, यातच खरी गोम

प्लॅन काढणारा नकाशावर पट्टी ठेवून म्हणतो, स्टँडपासून ६०० मीटर. हे हवाई अंतर झालं. कावळ्याला ते उपयोगी, माणसाला नाही. लीडच्या व्याख्येप्रमाणे चालण्याचं अंतर म्हणजे माणूस प्रत्यक्ष ज्या वाटेनं जाईल ते अंतर. ती वाट सलग पाहिजे, सुरक्षित पाहिजे, बारमाही पाहिजे. म्हणजे फूटपाथ, पावसातही चालता येईल अशी पक्की पायवाट, रस्ता ओलांडायला पट्टे. आणि मोजायचं सगळ्यांना वापरता येणाऱ्या दारापासून, साहेबांच्या मागच्या दारापासून नाही.

आपल्याकडं हे दोन ठिकाणी हमखास फसतं.

पहिलं, हायवे. चौपदरीच्या अलीकडं गाव आणि पलीकडं कार्यालय. सरळ रेषेत १०० मीटर. पण मध्ये दुभाजक, आणि खालून जायचा बोगदा एक किलोमीटर पुढं. नियमाप्रमाणे ते अंतर दोन किलोमीटरच्या वर गेलं. माणूस काही दोन किलोमीटर फिरत नाही. तो दुभाजकावर चढतो, हातात कागदाची पिशवी, डोक्यावर पदर किंवा टोपी, आणि गाड्यांचा अंदाज घेत पळतो. हे चित्र कुठल्या तालुक्यात दिसत नाही ते सांगा.

दुसरं, कंपाउंडची भिंत. यावर कोणी फारसं बोलत नाही, पण त्रास रोजचा आहे. इमारत गावाच्या कडेलाच असते, पाठीमागं वस्ती. पण गेट ठेवतात मोठ्या रस्त्याकडं, कारण गाड्या तिकडून येतात. मग पायी येणारा भिंतीला वळसा घालून येतो. कुठं कुठं भिंतीला लोकांनी भगदाड पाडलेलं असतं, बांधकाम खातं ते बुजवतं, पुन्हा पडतं. ते भगदाड म्हणजे लोकांनी दिलेला अभिप्रायच म्हणायचा.

फूटपाथचं तर काय सांगावं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या सूचनांत चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे असं म्हटलंय. समोरासमोर दोन माणसं सामान घेऊन आली, किंवा एक व्हीलचेअर आली, तरी निभावेल एवढी. तालुक्याच्या गावात बहुतेक रस्त्यांना फूटपाथच नाही. आहे तिथं त्यावर डीपी, बोर्ड आणि लावलेल्या दुचाकी.

बसथांब्याचा नियम

पायी पोचण्यातच वाहतूक येते, कारण खेड्यातला माणूस स्टँडपर्यंत गाडीनं येणार आणि पुढं चालणार. लीडच्या नियमात बसथांबा ४०० मीटरच्या आत पाहिजे, म्हणजे पाच-सहा मिनिटांची चाल. रेल्वे स्टेशन असेल तर ८०० मीटर चालतं. नुसता थांबा असून भागत नाही, तिथं गाड्या किती येतात तेही बघतात. कामाच्या दिवशी कमीत कमी ७२ फेऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी ४० असतील तर एक गुण. जास्त फेऱ्या, जास्त गुण. आणि फेऱ्या एकाच दिशेच्या मोजायच्या, जाणारी आणि येणारी मिळून नाही.

मोठ्या स्टँडवर ७२ फेऱ्या भरायला अवघड नाही. पण बायपासच्या फाट्यावर? तिथून गाड्या जातात खूप, थांबतात किती हा प्रश्न. विनाथांबा गाडी ड्रायव्हर थांबवत नाही आणि साधी गाडी गावातून वळून जाते. त्यामुळं शेड बांधलं, पाटी लावली तरी तो थांबा कागदावरचाच.

लीडच्या पुढच्या आवृत्तीत एक बरी गोष्ट आहे. ठरलेल्या मार्गावर चालणाऱ्या अनौपचारिक वाहनांचे थांबेही धरायची सोय त्यात केली. आपल्या भाषेत वडाप, काळी-पिवळी, सहा आसनी. खेड्यातली निम्मी जनता ज्यावर चालते ते वाहन नियमावलीत आलं, हे महत्त्वाचं.

‘गृह’च्या आधीच्या नियमावलीतही जागा निवडताना बसथांबा किंवा रेल्वे-मेट्रो स्टेशन अर्ध्या किलोमीटरच्या आत असावं, असं कलम होतं. आयजीबीसीत मूलभूत सोयी चालण्याच्या अंतरात असण्याला आणि सार्वजनिक वाहतूक जवळ असण्याला गुण आहेत. म्हणजे ही अट काही परदेशी फॅड म्हणून सोडून द्यायची नाही, आपल्याकडच्या मानांकनांनीही ती मान्य केलेली आहे.

मग गावाबाहेरच्या इमारतीला प्रमाणपत्र मिळतं कसं?

कारण हे गुण ऐच्छिक आहेत. लीडमध्ये नव्या इमारतीला ‘जागा आणि वाहतूक’ या विषयाला १६ गुण. ते सगळेच्या सगळे घालवले तरी ९४ उरतात आणि प्लॅटिनमला ८० पुरतात. दहावीला एका विषयात शून्य मिळूनही पहिला वर्ग मिळावा, तसं. आख्ख्या वसाहतीसाठी लीडचं जे वेगळं मानांकन आहे त्यात मात्र चालण्याजोगे रस्ते ही सक्तीची अट आहे, ती पुरी केल्याशिवाय पुढचं काही मोजतच नाहीत. एकट्या इमारतीला तशी सक्ती नाही.

याची चर्चा अमेरिकेत खूप झाली. २००७ मध्ये तिथल्या एका बांधकामविषयक नियतकालिकानं हिशेब मांडला. सरासरी ऑफिसच्या इमारतीला दिवे, थंडी-उष्णतेची यंत्रं वगैरे चालवायला जेवढी ऊर्जा लागते, त्यापेक्षा साधारण ३० टक्के जास्त ऊर्जा तिथं कामाला येणाऱ्या लोकांच्या जाण्यायेण्यात खर्च होते. म्हणजे दिवे बदलून वाचवायचं आणि पेट्रोलमध्ये घालवायचं.

त्यानंतर २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी एक आदेश काढला. सरकारी कार्यालयासाठी नवी जागा घेताना ती पायी येणाऱ्याला सोयीची, सार्वजनिक वाहतुकीजवळची आहे का याचा विचार करावा, जुन्या शहरांच्या मध्यवर्ती भागावर भर द्यावा, आणि ग्रामीण भागात गावाच्या मध्यावर. ग्रामीण भागाचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे. आणि गंमत बघा, दोनच वर्षांनी तिथल्या केंद्रीय पर्यावरण खात्याचंच एक विभागीय कार्यालय कॅन्सस सिटीच्या मध्यवर्ती भागातून उचलून लेनेक्सा नावाच्या उपनगरात न्यायचं ठरलं. पंचवीस-तीस किलोमीटर लांब, एका हॉटेल कंपनीच्या रिकाम्या मुख्यालयात. पर्यावरण राखणारं खातंच लोकांना गाडीत बसवतंय, अशी टीका झाली. पण कार्यालय हललं ते हललं.

तेव्हा हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. पण आपल्याकडं ते जास्त बोचतं, कारण तिथं बहुतेकांकडं चारचाकी आहे, इथं बाईच्या हातात एसटीचं अर्धं तिकीट आणि पुढच्या रिक्षाला सुटे नाहीत.

थोडा हिशेब करून बघा. समजा कार्यालय स्टँडपासून तीन किलोमीटरवर गेलं. रोज २०० माणसं कामाला येतात आणि रिक्षाला जाऊन-येऊन ४० रुपये पडतात. दिवसाचे झाले ८ हजार. वर्षात २५० दिवस कार्यालय चालू धरलं तर २० लाख रुपये. हे पैसे कुठल्याच सरकारी हिशेबात दिसत नाहीत, कारण ते लोकांच्या खिशातून जातात. सोलरमुळं वीजबिल किती वाचलं ते मात्र बोर्डावर लिहिलेलं असतं. शिवाय ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असं झालं की रिक्षाचे चाळीस पुन्हा वेगळे.

कार्यालय गेलं की मागं राहणाऱ्यांचंही नुकसान. झेरॉक्सवाला, स्टँपवेंडर, चहाची टपरी, वकिलांची टेबलं, खाणावळ, सगळ्यांचं गिऱ्हाईक त्या गर्दीवर. आठशे मीटरच्या यादीत सरकारी कार्यालय हेही एक ठिकाण आहे, ते या कारणानं. ते निघालं की बाजारपेठेचाही एक खांब निघतो.

दुसरी बाजूही आहे. गावात जागा मिळत नाही, मिळाली तर भाव परवडत नाही, जुन्या इमारती गळक्या, गाडी लावायला जागा नाही. बाहेर सरकारी जमीन फुकट आणि ऐसपैस. अधिकाऱ्यांचं हे म्हणणं खोटं नाही. सगळंच गावात कोंबा असंही कोणी म्हणू नये. गोदाम, बाजार समितीचं आवार, आरटीओचा ट्रॅक ही कामं ट्रॅक्टर-ट्रकची आहेत, ती बायपासलाच बरी. पण ज्या कार्यालयात माणूस हातात कागद घेऊन पायी येतो, तहसील, सेतू, दुय्यम निबंधक, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, त्यांच्या जागेचा विचार वेगळा व्हायला हवा. जुनी जागा पाडून तिथंच दोन मजले वाढवणं काही वेळा महाग पडतं, पण वरचे २० लाख त्यात धरले तर तितकं महाग राहत नाही.

गावकऱ्यांच्या हातात काय आहे

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित मानांकन घेणाऱ्याला जादा एफएसआय मिळतो, मानांकनाच्या पायरीप्रमाणे मूळ एफएसआयच्या ३, ५ किंवा ७ टक्के. म्हणजे खासगी बिल्डरलाही सवलत मिळते ती सार्वजनिक हिताच्या नावावर. तेव्हा गुणपत्रिका बघायला मागणं हे काही आगाऊपणाचं नाही. घर किंवा गाळा घेताना ‘ग्रीन सर्टिफाइड’ सांगितलं तर एवढंच विचारा, जागा आणि वाहतुकीत किती गुण आहेत? लीडच्या प्रकल्पांची गुणपत्रिका त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. सरकारी इमारत असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर.

पण खरी वेळ असते ती जागा ठरायच्या आधीची. नगरपंचायत असेल तर विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, तेव्हा कुठल्या जागेवर कशाचं आरक्षण टाकलंय ते बघायला हवं. ग्रामपंचायत असेल तर गायरानातली जागा कार्यालयाला द्यायचा विषय ग्रामसभेसमोर येतो. तिथं ‘लांब पडतं’ एवढं बोलून उपयोग होत नाही, आकडा लागतो. तो मोबाइलवरच काढता येतो. नकाशाच्या ॲपमध्ये स्टँडपासून नियोजित जागेपर्यंत पायी जाण्याचा मार्ग लावायचा, येईल ते अंतर आणि मिनिटं लिहून घ्यायची. ॲप कधी कधी काट्याकुट्यातनं नाहीतर शेताच्या बांधावरनं वाट दाखवतं, म्हणून एकदा खरंच चालून बघायचं, जमलं तर एखाद्या काठी टेकणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन. ४०० मीटरच्या आत कुठली गाडी थांबते, दिवसाला किती वेळा, तेही लिहायचं. एवढं एका पानावर अर्जाला जोडलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि जागा आधीच ठरून गेली असेल, काम सुरू झालं असेल, तर? तरी दोन-तीन गोष्टी हातात राहतात. गावाच्या बाजूनं पायी येणाऱ्यांसाठी वेगळं छोटं गेट. गेटपासून गावापर्यंत पक्की पायवाट आणि दिवे. रस्ता ओलांडायची सोय. एसटी आगारप्रमुखाकडं विनंती थांब्याची मागणी, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. रॅम्पची मागणी तर वेगळी करायचीही गरज नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींना सुगम्यतेची अट घातलेलीच आहे. पण तो रॅम्प दारात सुरू होऊन दारातच संपतो आणि गेटपासून दारापर्यंत खडी असते, हेही बघायला हवं.

यातलं गेट सगळ्यात स्वस्त, पण ते नकाशा मंजूर व्हायच्या आधी मागितलं तर. भिंत उभी राहिल्यावर तेच गेट काढायचं म्हटलं की पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा मंजुरी, पुन्हा निविदा, आणि तोवर लोक भगदाडातनं.